चौकातला तुझा फ्लेक्स

भाऊ, तुझा फ्लेक्स लागला.

कुठे लागला, ते तुला सांगायला नको. स्मारकावरच. दगडाची जी बाजू रस्त्याकडे आहे, जिच्यावर शहीद जवानांची नावं कोरली आहेत, नेमकी तीच झाकून. घरात अजून रडारड चालू होती, मी तुझ्या फोटोला हार आणायला निघालो होतो, आणि चौकात वळतो तर तू. दोन पुरुष उंच. डोक्याला फेटा, गालात हसू. फोटो तुझ्या नितीनच्या लग्नातला. त्या फोटोत तुझ्या शेजारी मी होतो, मला कापून काढलंय. माझा नुसता खांदा राहिलाय तुझ्या बाजूला, एखादी उशी ठेवावी तसा.

मी स्कूटर तिथंच थांबवली. मागचा रिक्षावाला "स्मारक, स्मारक, देवपूर, देवपूर" असं ओरडत येत होता, तो माझ्यावर आदळता आदळता राहिला. "ओ काका, वर जायची घाई आहे का?" असं त्यानं विचारलं. त्याला काय सांगणार, की वर गेलेला माणूसच समोर टांगलाय.

फ्लेक्सच्या माथ्यावर साहेब लोकांचे चेहरे, सगळे हसरे. खाली मंडळाची पोरं, अर्ध्यांना गॉगल. मध्ये तू. एवढ्या आनंदी गर्दीत दुःख काय ते फक्त अक्षरांत होतं: भावपूर्ण श्रद्धांजली. आणि तुझ्या नावाच्या आधी 'कलामहर्षी'. हे तू कधी झालास? जिवंतपणी लोक तुला 'ए पेंटर' म्हणायचे आणि तू ओ द्यायचास.

मी काय केलं? आयुष्यभर जे करत आलो तेच. हात जोडले, घरी आलो आणि लोकांशी बोलत बसलो. द्वारदर्शनाला माणसं येत होती. आपल्याकडे दारावर येणारा माणूस आधी गप्प बसतो, मग "कसं झालं?" विचारतो, मग पुन्हा गप्प बसतो. या वेळी त्यात एक नवं वाक्य आलं. "चौकात फ्लेक्स पाहिला. लई भारी लागलाय." पाहुण्यांना तू किती मोठा होतास याचा अंदाज फ्लेक्सच्या मापावरून येत होता. बोदवडहून अक्का आली, उंबऱ्यात हंबरडा फोडला, पाणी प्याली आणि म्हणाली, "बाळू, भाऊचा फोटो किती गोड आलाय रे चौकात." मी मान हलवली. मनात म्हटलं, अक्के, या धुळ्यात त्या दगडावरचे फ्लेक्स उतरवणारा एकच माणूस होता. आता तोच फ्लेक्सवर आहे. उतरवणार कोण?

तुझी ती पद्धत मला आठवत राहिली. तू कधी फ्लेक्स फाडला नाहीस. ब्लेड लावलं नाहीस. सकाळी स्मारकावर कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला की तू आधी त्या माणसाला फोन लावायचास. "साहेब, वाढदिवसाच्या शुभेच्छा. फ्लेक्स एक नंबर झालाय. उन्हानं रंग उडायच्या आत घरी आणून देतो." समोरचा "अं?" म्हणेपर्यंत तू फोन ठेवलेला असायचा आणि एक गाठ सुटलेली असायची. मग सुतळी न तोडता सोडवायची, तिची गुंडाळी खिशात. फ्लेक्सची वळकटी सायकलच्या कॅरिअरला. त्या माणसाच्या घरी जाऊन वळकटी त्याच्या हातात नाही, त्याच्या आईच्या हातात द्यायची. "माय, पोराचा फोटो शे, जपी ठेव." आई चहा ठेवणार. तू बशीत ओतून पिणार. आता ज्याला आपल्या आईनं चहा पाजलाय त्याच्याशी भांडायचं कसं, हा त्या पोरांचा प्रश्न होता, तुझा नव्हता.

त्या फ्लेक्सांचं पुढे काय व्हायचं तेही तुला माहीत होतं. कापसाच्या ढिगावर, कांद्याच्या चाळीवर, गोठ्याच्या गळक्या पत्र्यावर. अर्ध्या तालुक्याचा कापूस साहेबांच्या हसण्याखाली कोरडा राहिला असेल. तू म्हणायचास, "कुठे तरी उपयोगाला आला ना माणूस?"

पण भाऊ, आपलं ते भांडण राहिलंच की रे.

मी तुला किती वेळा डिवचलं. "तुझा राग चौकासाठी नाही, धंद्यासाठी आहे. फ्लेक्स आले आणि तुझा ब्रश बसला. धंदा गेला म्हणून तू देशभक्त झालास." एखाद्यानं चिडावं, ताट सरकवावं. तू म्हणायचास, "बरं." तुझं ते "बरं" म्हणजे मी चौकार मारण्यासाठी बॅट फिरवावी आणि बॉलरनं बॉल टाकूच नये. मी सगळ्या खानदानात बोलका म्हणून प्रसिद्ध. लग्न असो, निवृत्ती असो, माइक माझ्याकडे. ज्याच्यासमोर बोलून मला काही मिळवता आलं नाही असा एकटा तू.

लहानपणापासून तेच. सुट्टीत तू बोर्ड रंगवायला निघालास की मी मागे. तू शिडीवर, मी शिडी धरायला. खरं तर शिडीनंच मला धरलेलं असायचं, कारण मी खालून बोलत असायचो आणि बोलताना मला हात लागतात. एकदा एका दवाखान्याचा बोर्ड चालू होता. मी तुला गावातल्या मास्तरांची नक्कल करून दाखवत होतो. तू वरून ब्रश न उचलता म्हणालास, "बाळू, तुन्हं तोंड बंद कर, शिडी हाली ऱ्हायनी." खालून डॉक्टर जात होते, ते हसले. मला तेव्हा अपमान वाटला. आता वाटतं, आयुष्यात मला कुणी इतकं उपयोगाचं वाक्य सांगितलं नाही. पाळलं मात्र नाही.

आणि स्मारकाची ती नावं. कोरीव अक्षरांत काळा रंग भरायचं काम तुला कोणी दिलं नव्हतं, कोणी काढूनही घेतलं नव्हतं. ऊन रंग खायचं, तू पुन्हा भरायचास. मी विचारलं होतं, "यात आपल्या ओळखीचं कुणी आहे का?" आपल्या भावकीत फौजेत कुणी गेलं नाही. गेलं असतं तर मी त्यावर निदान तासभर बोलू शकलो असतो. तू म्हणालास, "पहिल्या वेळी नव्हतं. आता झाली ओळख." आणि पुढच्या अक्षराकडे वळलास.

पण मी धरून बसलो होतो धंद्याच्या मुद्द्यावर. आखाजीच्या, कॅलेंडरातल्या अक्षय्य तृतीयेच्या, त्या दिवसापर्यंत.

आठवते ना? मी आंबे घेतले होते, तू खरबूज, आपलं डांगर, घेतलं होतंस. घरी आपल्या बाच्या आणि आईच्या नावानं घागर भरायची होती. चौकात आलो तर स्मारकावर कुणाचा तरी भला मोठा फ्लेक्स. आणि खाली फुटपाथच्या कडेला एक म्हातारी बसलेली. मांडीवर मातीची छोटी घागर, पाण्यानं भरलेली, तोंडाशी डांगर ठेवलेलं. पदर उन्हानं विटून पिवळा पडलेला. आपण आखाजीला जी घागर घरात पाटावर भरतो ती ही बाई एस.टी.त मांडीवर धरून सातपुड्याच्या पायथ्यापासून शिरपूरमार्गे घेऊन आली होती. पाणी सांडू न देता. तिचा पोरगा त्या दगडावर होता.

तिनं तुला विचारलं, "भाऊ, आज बंद शे का?"

बंद. कचेरी बंद असते तसं तिला वाटलं. कुणी तरी पडदा लावलाय म्हणजे आज सुट्टी असेल, उघडेल तेव्हा उघडेल, म्हणून ती बसून राहिली होती. कुणाला जाब विचारावा, फ्लेक्स ओढावा, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

तू म्हणालास, "नही माय, उघडं शे. ये." आणि फ्लेक्सची खालची कड दोन्ही हातांनी धरून डोक्यावर उचलून धरलीस. ती वाकून आत गेली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं हातानं दगड चाचपला, खालून वर, आणि एका ओळीपाशी थांबली. तिथं घागर टेकवली. मग ती त्या नावाशी बोलत बसली. गाय व्याली, अमक्याचं लग्न झालं, तमक्याला भरतीत घेतलं नाही. माझ्या हातात आंब्याची पिशवी होती. भाऊ, तू तेवढा वेळ फ्लेक्स डोक्यावर धरून उभा होतास आणि फ्लेक्सवरचे साहेब तुझ्या टकलावर वाकून हसत होते. तिचं बोलणं संपेपर्यंत तू हात बदलला नाहीस.

घरी येताना मी म्हटलं, "आता कळलं. तुझा राग त्या म्हातारीसाठी आहे." मला वाटलं, हरलो तरी गोड हरलो. तर तू म्हणालास, "राग पहिल्यापासून व्हता." संपलं. म्हणजे धंद्याचा होता की चौकाचा की आणखी कसला, ते पुन्हा तसंच. एक गोष्ट नीट शेवटाला जाऊ दिली नाहीस तू कधी. माझ्यासारख्या गोष्ट सांगणाऱ्याच्या घरात असा भाऊ म्हणजे शिक्षाच.

त्यानंतर ती दर आखाजीला आली. आणि दर आखाजीच्या आदल्या दिवशी तू स्मारक धुतलंस.

यंदा तू आखाजीच्या तोंडावर गेलास. आणि आखाजीच्या तोंडावर दगडावर तू होतास.

आता खरी गोष्ट सांगतो. तो फ्लेक्स काढणं म्हणजे चौकात जाऊन दोऱ्या सोडणं नव्हतं. मंडळाच्या पोरांना मी घाबरतो, पण तेवढा नाही. घाबरत होतो मी नितीनला. तो फ्लेक्स तुझ्या नितीननं छापला होता.

तुमच्या दोघांत काय होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. पेंटरच्या पोरानं फ्लेक्सची मशीन टाकावी. तू त्याला नाही म्हणाला नाहीस. उद्घाटनाला "बरं" म्हणालास. पण दुकानाची पायरी चढला नाहीस. रोज फिरून येताना दुकानाच्या दारात उभा राहायचास, आत टांगलेला ताजा फ्लेक्स वाचायचास आणि बाहेरूनच सांगायचास, "अक्षरं दाटीवाटीनं बसलीत. श्वास घेऊ दे त्यांना." नितीन आतून म्हणायचा, "गिऱ्हाइकाला मोठी पाहिजेत पप्पा." तू, "बरं." आणि चालू लागायचास. मी वहिनीला म्हणायचो, हे बापलेक बोलत नाहीत. वहिनी म्हणायची, "बोलतस की. रोज बोलतस."

तू गेलास त्या दिवशी नितीन स्मशानातून आला आणि सरळ दुकानात गेला. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं. आम्हाला वाटलं, एकट्याला रडायचं असेल. तो मशीनवर बसला होता. बापासाठी त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. वरचे साहेब आणि खालचे गॉगल मंडळाच्या सोनूनं टाकायला लावले, फ्लेक्स लावायची जागाही सोनूनंच ठरवली. पण मधला तू नितीनचा. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकात गेलो आणि नीट बघितलं. भाऊ, तुझ्या नावाची अक्षरं सुटी होती. मोकळी. प्रत्येकाच्या बाजूला जागा. सगळ्या धुळ्यातल्या सगळ्या फ्लेक्सांत तेवढ्या एका ओळीला श्वास घेता येत होता.

आणि ती ओळ मला खाली उतरवायची होती.

मी भाषण तयार केलं. प्रस्तावना, मुद्दे, समारोप. आंघोळ करताना म्हणून पाहिलं. बायको दाराबाहेरून म्हणाली, "गंधमुक्तीला बोलायचंय की निवडणुकीला?" तरी मी नितीनकडे गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी घसा खाकरला.

तोच म्हणाला, "काका, फ्लेक्स चांगला नाही झाला का?"

"चांगला झालाय रे."

"पप्पांना आवडला असता?"

"अक्षरं आवडली असती."

मी पुढे सरकलो. "पण नितीन, जागा..."

"मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. आखाजी आहे. ती आजी येईल." तो माझ्याकडे बघत नव्हता. "काका, पप्पांनी जन्मभर दुसऱ्यांची नावं मोठी केली. दुकानांची, दवाखान्यांची, ट्रकांची. त्या दगडावरचीसुद्धा. त्यांचं नाव कुठे लागलं कधी? एकदा लागलंय. गावातला माणूस येता-जाता बघतोय, म्हणतोय हा नितीनचा बाप. एवढ्यानं काय बिघडलं?"

माझ्याकडे प्रस्तावना होती, मुद्दे होते. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं ना भाऊ. मी तोंड उघडलं, आणि वहिनीनं पुढे केलेला चहा पिऊन तेच तोंड पुसलं.

वहिनी आमच्यात बसली. तुझ्या मागे ती फार बोललेली नाही. लोक रडतात, तीच त्यांना पाणी देते. तिनं नितीनच्या भादरलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मी सकाळी दूध लेवाले गयथू. नितीन, उनमा टांगेल शेतस त्या. घर लई या त्यासले."

एवढंच. उन्हात टांगलंय त्यांना, घरी घेऊन या. आपल्या वैशाखातलं ऊन. सकाळी दहाला डांबर मऊ होतं, दुपारी कुत्रं रस्ता ओलांडत नाही. तिनं दगडाचं नाव काढलं नाही, म्हातारीचं काढलं नाही, तुझ्या तत्त्वाचं तर नाहीच. तिला तिचा माणूस उन्हात दिसला होता.

नितीन उठला. चपला घातल्या. मी घरातून स्टूल आणि कात्री घेतली तर म्हणाला, "कापू नका. गाठी मी मारल्यात, मीच सोडतो."

चौकात आम्ही दोघे. कठड्यावर स्टूल मांडून तो चढला, मी खालून ते धरलं. या वेळी तोंड बंद ठेवलं, तुझी शपथ. उन्हानं सुतळी कडक झाली होती. नितीन दातांनी गाठी सोडवत होता. पहिली कड सुटली आणि दगडावरची नावं दिसायला लागली तसा मागून सोनूचा आवाज आला. "ओ नितीनभाऊ! काय चाललंय? वर साहेबांचे फोटो आहेत. पब्लिकचं इमोशन आहे ते, असं काढता येत नाही."

भाऊ, अशा वेळी मी एरवी काय केलं असतं ते तुला ठाऊक आहे. चौकाचा इतिहास सांगितला असता. सोनूचे आजोबा आणि आपला बा कसे एका बैलगाडीत बाजाराला यायचे ते सांगितलं असतं. आणि तेवढ्यात फ्लेक्स पुन्हा वर बांधला गेला असता. पण त्या दिवशी तुझी गुटख्याच्या पुडीएवढी वाक्यं कुठून तरी माझ्या तोंडात आली. मी म्हटलं, "सोनू, फ्लेक्स घरी चाललाय. तूही चल. वहिनीनं चहा ठेवलाय."

दुखवट्याच्या घरचा चहा. नाही म्हणता येईना, हो म्हणवेना. "येतो काका, मागून येतो," म्हणत त्यानं बाइकला किक मारली. आला नाही. पण गेला.

तुझी वळकटी नितीननं खांद्यावर घेतली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसला. सिग्नलला शेजारच्या रिक्षातून आपल्या गावाकडचा एक जण डोकं काढून म्हणाला, "काय लई चालनात?" काय घेऊन चाललोय, ते त्याला हवं होतं.

मी म्हटलं, "भाऊले." आणि सिग्नल सुटला. त्याची रिक्षा अजून तिथंच उभी असेल.

घरी एक नवीनच भानगड. फ्लेक्स हॉलपेक्षा मोठा निघाला. वहिनी म्हणाली, उघडा, बघू दे. उघडला तर तू भिंतीवर मावेनास. फेटा छताला जाऊन वाकला. शेवटी वरचे साहेब मागे दुमडले, त्यांची तोंडं भिंतीकडे. खालची मंडळी जमिनीवर दुमडली, गॉगलसकट. मध्ये तू राहिलास, आणि तुझी ती सुटी अक्षरं. वहिनी त्याच्यासमोर बसली. तिनं पदरानं तुझ्या गालावरची धूळ पुसली आणि मग, तू गेल्यापासून पहिल्यांदा, जे आवरून ठेवलं होतं ते सोडलं. नितीन तिला धरून बसला. मी बाहेर आलो आणि स्टूल पुसत बसलो. स्टूल स्वच्छच होतं.

आखाजीला मी आणि नितीननं स्मारक धुतलं. मी धुतलं म्हणजे नळीतून पाणी सोडलं आणि निम्मं माझ्या पँटवर घेतलं. आपल्या घरी मात्र वेगळाच वाद. तुझी घागर यंदा भरायची की पहिलं वर्ष सोडून पुढच्या आखाजीला, यावर भाऊबंदकीत दोन मतं. दोन्ही मतं मोठ्या आवाजात. मी दोन्हीकडे मान हलवत होतो.

म्हातारी आली. फार वाकलीय आता. मांडीवरची घागर छोटी झालीय, पण तोंडाशी डांगर होतंच. तिनं दगडाकडे बघण्याआधी इकडेतिकडे बघितलं.

"पेंटर कथा शे?" कुठे आहे पेंटर?

मी इतक्या लोकांना सांगितलं होतं भाऊ. फोनवर, दारात, स्मशानात. कसं झालं, केव्हा झालं, शेवटी काय बोलला. तिच्यासमोर मला एक वाक्य जुळेना. नितीननं भादरलेलं डोकं पुढे केलं आणि म्हणाला, "आजी, मी त्यांचा मुलगा."

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. अगदी दगडावरून फिरवते तसा, चाचपत. समजली. काही विचारलं नाही. तिनं आपली घागर तिच्या पोराच्या ओळीखाली टेकवली, दोन बोटं पाण्यात बुडवली आणि शेजारच्या मोकळ्या फरशीवर पाणी शिंपडलं. मग नितीनच्या भादरल्या डोक्याकडे बघत मला म्हणाली, "त्यानी बी भरजात. तहान काय वरीस मोजस का?"

त्याची पण भरा. तहान काय वर्ष मोजते का?

भाऊबंदकीतली दोन्ही मतं मी तिथंच त्या फरशीवर ठेवली. घरी येऊन तुझी घागर भरली. कुणी विचारलं तर सांगतो, शिरपूरकडच्या एका जाणत्या बाईनं सांगितलंय. तेवढं पुरतं. आपल्याकडे बाहेरगावच्या माणसाचा शब्द चालतो.

आता तुला माझं पण ऐकावं लागेल. तो फोन हल्ली मी करतो. स्मारकावर काही लागलं की शुभेच्छा देतो, चांगल्या भरपूर देतो. तू एका वाक्यात उरकायचास, मला पाच मिनिटं लागतात. पण समोरचा कंटाळून "घेऊन जा काका, घेऊन जा" म्हणतो, म्हणजे काम होतंच. गाठ सोडायला मला अजून वेळ लागतो. कठड्यावर चढलो की गुडघे बोलतात. ते बोलू देत. त्या दगडावर मी काही लागू देणार नाही, आणि तुझा राग कशाचा होता हे विचारायलाही आता थांबणार नाही. माझा कशाचा आहे, हे मला समजलंय. तेवढं पुरे.

अक्षरं भरायचं काम नितीननं घेतलंय. तो म्हणतो, मशीनवर साचा कापतो, रंग एकसारखा बसेल. मी म्हणतो, कोरलेल्या अक्षराला साचा कसला, ब्रशच पाहिजे. जोरात भांडतोय आम्ही. तुझ्यासारखं "बरं" म्हणून तो मला उपाशी ठेवत नाही, चांगला उलट बोलतो. मजा येते रे.

आणि काल संध्याकाळची गोष्ट. मी नितीनच्या दुकानाबाहेर स्कूटरवर बसलो होतो, तो दुकान बंद करायची वाट बघत. सोनू आत गेला. साहेबांचा वाढदिवस आलाय. मोठी ऑर्डर. बारके वेगळे, मोठा वेगळा. नितीन माप लिहून घेत होता. लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "मोठा कुठे लावणार?"

"कुठे म्हणजे? स्मारकावर. आपली जागा आहे ती."

"मग मी छापत नाही."

"म्हणजे?"

"बाकीचे छापतो. स्मारकावरचा छापत नाही."

सोनू हसला. मग त्याच्या लक्षात आलं की नितीन हसत नाहीये. "बघ हं. सगळी ऑर्डर दुसरीकडे जाईल. सगळ्या वर्षाची."

"जाऊ दे."

"अरे वा!" सोनूचा आवाज चढला. "तुझ्या बापाचा लागतो तिथं, आणि आमच्या साहेबांचा लागत नाही?"

मी स्कूटरवरून उतरलो. आत जावं, काही तरी बोलावं, सांभाळून घ्यावं. हात हलायलासुद्धा लागले होते. पण नितीननं पेन खाली ठेवलं आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. मी पायरीवरच थांबलो.

"बापाचा लागला होता," तो म्हणाला. "मी काढला."